परतीची भाकरी

माझे थोरले भावजी बुधाजी जेवायला बसले की वाडीतली पोरं खेळ टाकून बघायला यायची. खाण्यात घाई नाही, तोंडाचा आवाज नाही. तांदळाची भाकरी हातात घ्यायची, चार पदरी घडी करायची, कालवणात बुडवायची, आणि ती गेली की दुसरी. माझी जाऊ मालनबाई चुलीपुढून हलायचीच नाही. भाकरी तव्यावरून उतरली की थेट ताटात. ती म्हणायची, "माझ्या टोपलीनं भाकरी कधी बघितलीच नाय."

भावजी कर्जतला भाताच्या गिरणीत पोती वाहायचे. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढताना फळी वाकायची, भावजी वाकायचे नाहीत. गिरणीतले लोक म्हणायचे, बुधाजीला दोन पोटं हायत, एक त्याचं आणि एक त्याच्या बापाचं.

बापाचं म्हणायला कारण होतं. आमचे सासरे गावचे येसकर. गावची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि दिवेलागणीला टोपली घेऊन वरच्या गावात दारोदार भाकरी मागायची. भावजी लहानपणी त्यांच्याबरोबर टोपली धरायला जायचे. भाकरी वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. टोपलीत पडली तर पडली, नाही तर मातीतून उचलायची. पाटलाचं घर शेवटचं, चढावर. तिथं भाकरी मोठी मिळायची, म्हणून तिथवर जायचं.

छप्पन सालानंतर आमच्या वाडीनं धम्म घेतला आणि हे सगळं बंद झालं. धर्माजी म्हणून वाडीतले जाणते होते, ते समाजापुढं उभे राहिले आणि म्हणाले, आजपासून वरच्या गावात कोणी भाकरीला हात पसरायचा नाय. मेलो तरी नाय. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं टोपली ओढ्यात सोडली. ती बुडेना. तरंगत तरंगत दहिवलीच्या बाजूला गेली. सासरे म्हणाले, "जा बाई, तू तरी पोटाला लाग कुठं तरी." पुढं दोन वर्षं आमच्याकडं भाकरी कमी आणि ताठ मान जास्त, असं चाललं. मान ताठ असली की भूक लागत नाही असं काही नसतं. पण ती सांगायची नसते, एवढं आम्ही शिकलो.

मग भावजींना गिरणीत काम लागलं आणि घराला घरपण आलं.

त्यांचं पोट दुखायला कधी लागलं ते कोणाला कळलं नाही, कारण ते बोलायचे नाहीत. सोडा खायचे, पाणी प्यायचे, पुन्हा पोतं घ्यायचे. एका दुपारी गिरणीतच रक्ताची उलटी झाली. पांढऱ्या तांदळाच्या ढिगावर. गिरणीवाल्यांनी टेंपोत घालून कर्जतच्या हेमचंद्र डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी तिथूनच मुंबईला मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं पोट फाडलं. आत जखम होती म्हणे, फार जुनी. पोटाचा बराचसा भाग कापून टाकला, आणि राहिलं ते मुठीएवढं.

परत आले ते आमचे भावजी नव्हतेच. खांदे होते तिथं सदरा लोंबत होता.

मुंबईच्या डॉक्टरनं मालनबाईला समोर बसवून सांगितलं होतं. एका वेळेला एक वाटी, त्याच्या वर नाही. दिवसातनं पुष्कळ वेळा, पण वाटीभरच. जेवताना पाणी नाही, गोड नाही. सावकाश चावायचं. हे सगळं तिनं मुलीच्या जन्माची वेळ पाठ करावी तसं पाठ केलं. वाटी पण नेमली, पितळेची, काठाला चेपलेली. भावजी त्या वाटीकडं बघायचे आणि म्हणायचे, "ही मांजराची हाय का?"

"तुमचीच हाय."

"मग मांजर कशात जेवतं?"

"तुमच्या जुन्या ताटात. ते बसतं पण त्यात."

दोघं हसले की मला बरं वाटायचं. पण त्या हसण्याच्या मागं जे होतं ते चार-आठ दिवसांत पुढं आलं. पोट कापलं होतं, भूक कापली नव्हती. मालनबाईच्या शब्दांत सांगायचं तर, दुकान लहान केलं, गिऱ्हाईक तेवढंच.

वाटीभर मऊ भात खाऊन हात धुवायच्या आत त्यांना भूक लागायची. थोडीथोडकी नाही. कपाळावर घाम यायचा, हात थरथरायचे, नजर चुलीवर जाऊन बसायची. हेमचंद्र डॉक्टर म्हणाले, ही खरी भूक नव्हे. पोट भरलं की डोक्याला खबर जाते, ती खबर देणारी जागाच गेली, म्हणून असं होतं. वर्षभरात कमी होईल. भावजींनी सगळं ऐकून घेतलं. घरी येताना बैलगाडीत मला म्हणाले, "ठके, मला कळतंय ही खोटी हाय. पण खोटी भूक पण भुकेसारखीच लागते गं."

त्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. पोटावर पंचा आवळून बांधायचे. कोमट पाणी घोट घोट प्यायचे. घास इतका चावायचे की तोंडात त्याचं पाणी व्हायचं. आणि केकताडाच्या पानांचा वाख काढून दोर वळत बसायचे. पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून वळता वळता मन गुंतायचं. भूक जास्त तर दोर जास्त. त्या वर्षी वाडीतलं एक ढोर असं नव्हतं जे भावजींच्या दोरानं बांधलेलं नाही. ज्यांच्याकडं ढोर नव्हतं त्यांनाही दोर दिले.

उन्हाळ्यात नेरळकडं नात्यातलं लग्न होतं. मालनबाई म्हणत होती जायला नको. पण सख्ख्या मावसबहिणीची पोर, न जाऊन कसं चालेल. आणि आपल्यात आग्रहाशिवाय जेवण म्हणजे पंगतीचा अपमान. वाढपी आले, म्हणाले, "बुधाजीदादा, तुमी आनि एवढंसं? आमचं काय चुकलं?" ज्या माणसाच्या खाण्याची गोष्ट चार गावांत सांगतात, त्यानं पानावर हात आडवा कसा धरायचा? ते जेवले. पहिल्यासारखे जेवले. वर गुळाची लापशी झाली. बायकांच्या पंगतीतून मालनबाईनं बघितलं आणि ती पान टाकून उठली, पण तोवर ते उठून मांडवाच्या मागं गेले होते. घामानं न्हायलेले, छाती धडधडतेय, आणि मग उलट्या, त्या थांबेनात. गाडीत घालून कर्जतला आणलं तेव्हा ते कोणाला ओळखत नव्हते.

हेमचंद्र डॉक्टर एरवी शांत माणूस. त्या दिवशी मालनबाईवर खेकसले. "बाई, तुम्हाला नवरा पाहिजे आहे की नाही? पुन्हा असं खाल्लं तर माझ्याकडं आणू नका, सरळ स्मशानात न्या."

भावजी बरे होऊन घरी आले, त्या दिवशी ती वाडीत दारोदार फिरली. प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं, "ह्यांना कोणी काय खायला द्यायचं नाय. मागितलं तरी नाय. रडले तरी नाय."

बायका तोंडावर हो म्हणाल्या आणि मागं म्हणाल्या, नवऱ्याला उपाशी मारते. विहिरीवर एकीनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "माझ्या सासूनं मला भाकरी मोजून घातली, पण घोव आपल्या बायकोच्या हातून मोजून खातो हे पहिल्यांदा बघते." मालनबाई घागर भरता भरता म्हणाली, "तुजा घोव मोजल्याशिवाय खातो म्हणून तर तुज्या घरात मोजायला काय राहत नाय." पण भुकेल्याला नाही म्हणणं म्हणजे आमच्यात सगळ्यात मोठं पाप. पिढ्या न पिढ्या आम्हाला लोकांनी नाही म्हटलेलं. ते तिच्या वाट्याला आलं होतं, आणि तेही आपल्याच माणसाला.

भावजी माझ्या दारात येऊन उभे राहायचे.

"ठके, काय शिजतंय गं?"

"काय नाय भावजी. पाणी तापत ठेवलंय."

घरभर बोंबलाचा वास सुटलेला असायचा. ते तो वास नाकात घेऊन थोडे थांबायचे आणि म्हणायचे, "पाणी चांगलं हाय तुज्या घरचं." आणि पुढच्या दारात जायचे. तिथंही पाणीच तापत असायचं. सगळ्या वाडीत नुसतं पाणी.

त्या वर्षी सगळीकडं धान्याची ओढ होती. पाऊस वेळेवर पडला नव्हता, रेशनला मिलो नावाचा अमेरिकेचा लाल जोंधळा मिळायचा, तो जनावर तोंड लावून सोडून द्यायचं. आमच्या दोन्ही घरांत मिळून तांदळाची एक कणगी होती आणि ती मालनबाईच्या घरी. तिच्यातला तांदूळ भावजींच्या वाटीसाठी. त्यांना मिलो पचत नव्हता. आम्ही मिलो खायचो.

आषाढात एक दिवस पाटलाचा गडी मंगळ्या गुरं घेऊन खाली आला आणि माझ्या मालकांना म्हणाला, "तुजा भाऊ काल वर आलता."

"कशाला?"

मंगळ्या जरा घुटमळला. जातीचा ठाकर, कोणाचं वाईट बोलायचा नाही. "भाकरीला," म्हणाला.

वाडीतली सगळी दारं बंद झाल्यावर मालनबाईचं जिथं चालत नाही असं एकच ठिकाण राहिलं होतं, आणि भावजींच्या पायाला ती वाट लहानपणापासून माहीत होती. पाटलाची आई येसूबाई ओट्यावर बसलेली. तिनं त्यांना ओळखलं. म्हणाली, "बुधा, आलास का शेवटी? तुझा बाप कधी चुकला नाही." आणि सुनेला सांगून मोठी भाकरी आणि वर सुकटीची चटणी आणवली. वाईट बाई नव्हती ती. तिला खरंच बरं वाटलं असावं, जुनं काही परत आल्यासारखं. भावजींनी दोन्ही हात पुढं केले. तिनं वरून भाकरी सोडली.

विचित्र असं की ती भाकरी त्यांना बाधली नाही. गावच्या शिवेवर आंब्याखाली बसून त्यांनी ती खाल्ली, अर्धी त्या दिवशी, अर्धी कमरेला बांधून दुसऱ्या दिवशी. कण कण करून. लाजेनं खाल्लेला घास सावकाश उतरत असेल.

संध्याकाळी धर्माजी आले. म्हातारे झाले होते, काठी टेकत ओटीवर बसले. भावजी आत भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"मालन, खरं काय हे?"

"खरं हाय."

"आपुन शपथ घेतली होती. आख्खी वाडी. आता वरचे काय म्हनतील, दहा वरसं झाली, आले परत टोपली घेऊन. आपल्या पोरांनी मान कशी वर करायची गं?"

"मामा, ते टोपली घेऊन नाय गेले. भूक घेऊन गेले."

"वरच्यांना त्यातला फरक कळतो का?"

त्यांनी काठी जवळ ओढली. "त्याला घरात ठेव गं." धर्माजी उठले. जाताना दारातून आत बघून म्हणाले, "बुधा, मला तुजा राग नाय रं. पन तुला घरात ठेव म्हनून हिला सांगावं लागतंय, ह्याचं वाईट वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर मालनबाईनं कणगीतल्या तांदळाचं पीठ काढलं होतं. पाणी उकळून उकड मळली, आणि खापरीवर एकच भाकरी टाकली. एवढी मोठी, पातळ, पांढरी की मला वाटलं कोणी पाहुणा येणार. तिनं ती स्वच्छ फडक्यात बांधली आणि म्हणाली, "ठके, चल माज्यासंगं."

"कुठं?"

"वर. पाटलाकडं."

मी घाबरले होते. त्या दारात लग्न होऊन आल्यापासून मी पाय ठेवला नव्हता. पावसानं चढावर चिखल झाला होता, आम्ही एकमेकींना धरून गेलो.

येसूबाई ओट्यावर वालाच्या बियांतले किडके दाणे निवडत होती. मालनबाई अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "पाटलीणबाई, परवा आमच्या मालकांना तुमी भाकरी दिलीत."

"दिली. मग?"

"तिची परतफेड आनलीय."

येसूबाईला आधी समजलंच नाही. "अगं, भाकरी कोण परत करतं? त्याला भूक होती, दिली. तुझ्या सासऱ्याला काय कमी दिल्या?"

"सासऱ्यांना दिल्या त्या दिल्या. तवा आमी मागनारे होतो. आता आमी तुमच्या खालच्या अंगाचे शेजारी. शेजारणीची वाटी रिकामी परत धाडत नाय कोनी. तुमी पन धाडत नसाल."

येसूबाईचे दाणे निवडायचे हात थांबले. मग हसली, थोडी वाकडी. "शहाणी आहेस. ठेव तिथं पायरीवर."

"हातात द्यायची म्हनते."

"पायरीवर ठेव म्हटलं ना."

मालनबाईनं फडकं सोडलं आणि भाकरी पायरीवर ठेवली. आम्ही वळून दहा पावलं आलो नसू, तोवर मंगळ्यानं येसूबाईच्या सांगण्यावरून ती उचलून बैलापुढं टाकली. मी मागं बघितलं. मला रडू आलं. मालनबाईनंही बघितलं होतं. म्हणाली, "असू दे. बैलाशी तर शेजार झाला."

भावजी थांबले नाहीत. थांबवत नव्हतं त्यांना. आठवड्यातनं कधी एकदा, कधी दोनदा ते वर जायचे. आणि ते गेले की दुसऱ्या दिवशी मालनबाई कणगीतून पीठ काढायची, भाकरी भाजायची, आणि वर पोचवायची. पुढं पुढं एकटीच जायला लागली. भांडण नाही, शब्द नाही. पायरीवर ठेवायची आणि यायची. वरच्या गावात लोक हसायचे, ही काय खुळी आहे का. आमच्या वाडीत मात्र आता कोणी तिला काही बोलेना. धर्माजीसुद्धा गप्प झाले. मागितलेली भाकरी परत केली तर ती मागितली म्हणायची की उसनी घेतली म्हणायची, हे त्यांनाही ठरवता येईना.

भावजींना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपल्या लाजेत होते. ती त्यांना रागावली असती तर बरं झालं असतं, ती रागावतही नव्हती.

आणि कणगी मात्र खाली जात होती. मी तिला म्हटलं, "बाई, तांदूळ पुरायचा नाय असा."

"त्यांच्या वाटीचा पुरंल."

"आनि तुमचं?"

"मी मिलो खाते की."

ती मिलोही खात नव्हती हे मला नंतर कळलं. मिलो तिनं मुलीसाठी ठेवला होता. ती चुलीवर मिलोच्या कोंड्याचं पाणी उकळून मीठ घालून प्यायची आणि तोंड पुसून बाहेर यायची, पोटभर जेवल्यासारखी.

आवणीच्या शेवटच्या दिवसांत आम्ही आमच्या खाचरात रोपं लावत होतो. गुडघाभर चिखल, वर पाऊस, पाठीवर पानांची इरली. भावजींना जड काम जमत नव्हतं, ते बांधावर बसून रोपांच्या जुड्या आमच्याकडं फेकत होते. मालनबाई माझ्या बाजूला होती. तिनं एक जुडी घेतली, सोडली, आणि वाकली ती उठलीच नाही. तशीच पुढं चिखलात गेली, हळूच, निजल्यासारखी.

भावजी बांधावरून उडी टाकून आले. तिला उचलायला गेले. ज्यांनी आयुष्यभर पोती उचलली त्यांना ती उचलेना. दोनदा हात घातले, दोनदा पाय घसरला. मग आम्ही बायकांनी तिला बांधावर नेलं. तोंडावरचा चिखल पुसला तर गालाची हाडं एवढाली वर आलेली. इतके दिवस कोणी नीट बघितलंच नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं भावजींची भूक होती.

भावजींनी बघितलं. भुकेबद्दल त्यांना शिकवायची गरज नव्हती.

"ही जेवली कवा?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पायरीवरच्या भाकरीपासून कोंड्याच्या पाण्यापर्यंत. ते ऐकत होते आणि तिच्या तळपायाचा चिखल हातानं काढत होते, एकेका बोटाच्या मधला. मालनबाईनं डोळे उघडले तेव्हा ती पहिलं बोलली ते मला, "तुला कोणी सांगायला सांगितलं होतं गं?"

त्या संध्याकाळी भावजींनी आपली वाटी तिच्यापुढं सारली. तिनं परत त्यांच्याकडं सारली. असं दोन-तीनदा झालं. मुलगी म्हणाली, "तुमचं होईपर्यंत भात गार होतो." मग दोघांनी त्यातलंच अर्धं अर्धं खाल्लं. आणि नेहमीसारखी भूक आली. भावजी उठले, दारापर्यंत गेले, चौकट धरून उभे राहिले. पाठ आमच्याकडं.

"मालन," ते म्हणाले, "माज्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काय पन. थांबू नको."

ती त्यांच्याजवळ उंबऱ्यावर जाऊन बसली. मालनबाई मुळात बोलणारी नव्हे, टोमणा मारायचा तर एक वाक्य, की झालं. तिला सुचेना. मग म्हणाली, खाचराच्या वरच्या कोपऱ्यात रोपं विरळ पडलीत. तिथं खेकड्याचं बीळ हाय. खेकडा मोठा असंल. असं सुरू झालं. भावजी चौकट धरून ऐकत होते. खेकड्यावरून तिच्या माहेरच्या ओढ्यावर गेली, ओढ्यावरून तिच्या आजीवर. कधी तरी ते खाली बसले. भूक ओसरली होती.

त्यानंतर भावजी वर कधी गेले नाहीत.

मालनबाई उठून हिंडायला लागल्यावर तिनं राहिलेली एक भाकरी पोचवली, आवणीच्या आधीच्या फेरीची. येसूबाईनं विचारलं, "बुधा येत नाही आता. बरा आहे ना?" ही म्हणाली, "बरा हाय." येसूबाई उठली, पायरीपर्यंत आली, इकडं तिकडं बघितलं, आणि पदर हातावर घेऊन पुढं केला. मालनबाईनं भाकरी त्या पदरात घातली. मला सांगताना ती म्हणाली, "ठके, पाटलिणीनं माज्यापुढं पदर पसरला. मला काय आनंद नाय झाला गं. तिचा हात पन म्हातारा हाय."

भूक वर्षात गेली नाही. दोन वर्षांत गेली नाही. हेमचंद्र डॉक्टर म्हणायचे, काहींना राहते. भावजी राहिले ते त्या भुकेबरोबर. वाटी झाली की ते उंबऱ्यावर बसायचे आणि मालनबाई बोलायला लागायची. आमच्या घरात भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तिच्याजवळ खरं बोलायचं होतं ते संपलं. मग ती खोटं बोलू लागली. नेरळच्या डोंगरावरच्या झुकझुक गाडीचा इंजिनवाला आणि त्याची रुसलेली बायको, असलं काहीही. ती गाडी तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. भावजी मधेच विचारायचे, "मग ती परत आली का नाय?" आणि ती म्हणायची, "उद्या सांगते, आज तिचं माहेरपन हाय."

दहा-बारा वर्षं असं चाललं. नवा तांदूळ आला, मिलो गेला, मुलीचं लग्न खालापूरकडं झालं. भावजी दर साल थोडे थोडे कमी होत गेले, साबण झिजतो तसे. शेवटी छातीत कफ भरला. हेमचंद्र डॉक्टर येऊन गेले आणि बाहेर येऊन माझ्या मालकांकडं बघून नुसती मान हलवली.

त्या दुपारी मी पेज घेऊन गेले. मालनबाई त्यांच्या उशाशी बसून होती. ते डोळे मिटून पडले होते. ती खाली वाकून म्हणाली, "भूक हाय अजून?"

"हाय," ते म्हणाले. अगदी बारीक.

"बोलू?"

त्यांनी बोट हलवलं.

ती बोलू लागली. इंजिनवाल्याची बायको माहेरी बसलीय, आणि भावानं तिला सांगितलंय की जा आता, आणि तिनं लुगड्यांची वळकटी बांधलीय. मी पेज चुलीजवळ ठेवून दारात बसले. बाहेर ऊन होतं, कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. बराच वेळ ती बोलत होती. मी आत बघितलं तेव्हा भावजींची छाती हलत नव्हती. मला वाटलं तिला कळलं नसेल, म्हणून मी उठून आत गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलेलं होतं. पण इंजिनवाल्याची बायको अजून स्टेशनात यायची होती, तिला पोचवून मगच ती थांबली.